बकुळीची फुलं टिकवणं, साल काढणं, दंतमंजन: नेमकी रीत हवी आहे

परसदार

घरामागे (संगमेश्वर तालुका) बकुळीचं जुनं झाड आहे. छातीच्या उंचीला खोडाचा घेर सव्वा मीटरच्या आसपास. फेब्रुवारी संपता संपता सडा पडायला लागतो तो मे अखेरपर्यंत. इतकी फुलं केराबरोबर जाताना बघवत नाहीत, म्हणून चार प्रश्न एकदमच विचारतो.

१) सुकवलेल्या फुलांना श्रावण येईतो बुरशी धरते, खवट वास येतो. वर्षभर टिकतील अशी कशी सुकवायची?
२) दंतमंजनासाठी साल हवी आहे. झाडाला इजा न होता कुठून, कधी आणि किती काढायची? मंजनाचं प्रमाण काय?
३) फुलांचं तेल किंवा अर्क घरी निघतो का? खोबरेल तेलात फुलं कढवली तर तेलाला बकुळीचा वास लागत नाही.
४) फळं खाल्ली तर चालतात ना? आणि खाली पडलेल्या बियांपासून रोपं होतील का?

'आयुर्वेदात बहुगुणी' छापाचे फॉरवर्ड कृपया नकोत. करून बघता येईल असं काही सांगा.

सुईदोरा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. बुरशीची सुरुवात श्रावणात होत नाही, ती सुकवतानाच झालेली असते. पावसाळ्यात फक्त दिसायला लागते.

फूल हातात घेऊन नीट बघा. बाहेरच्या अरुंद पाकळ्या चोवीस, दोन फेऱ्यांत. त्या पातळ असल्यामुळे एका दिवसात कागदासारख्या होतात. पण सगळ्या पाकळ्या जिथे जुळतात ते बुडाचं कडं जाड आणि मांसल असतं. पाकळ्या कुरकुरीत लागल्या की फुलं सुकली असं समजून डबा भरला जातो आणि कड्यातलं पाणी डब्यातच अडकतं. तेव्हा पाकळी चुरून बघू नका. पाच-सहा फुलं वेगवेगळ्या जागांवरून उचला आणि कडं दोन बोटांत दाबा. कट्कन तुटलं तर सुकलं. वाकलं, चेपलं, तर अजून दोन दिवस.

फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात. संध्याकाळी झाडाखाली जुनं सुती लुगडं किंवा शेडनेट अंथरा. प्लास्टिकचा कागद नको, त्यावर दव साचतं आणि फुलं त्यात भिजत पडतात. ऊन वर यायच्या आत गोळा करा. कालची फुलं तपकिरी, ओलसर आणि चिकट असतात, ती तिथल्या तिथे वेगळी काढा. अशी मूठभर आली तरी टोपलीभर माल बिघडवतात. फुलं धुवायची अजिबात नाहीत. माती असेल तर सुपात हलकी पाखडा, नाहीतर मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढा. मुंग्या असतातच. सूप सावलीत ठेवून द्या, थोड्या वेळात त्या आपणहून निघून जातात.

सुकवायची सावलीत, वारा खेळता असेल तिथे, सुती कापडावर, एका थरात. वर्तमानपत्र शक्यतो नको, ओल्या फुलांना शाई लागते. दिवसातून दोनदा हाताने हलवायची. मार्च-एप्रिलात चार-पाच दिवस लागतात. उन्हात दोन दिवसांत होतात, पण वासाचा वरचा भाग उडून जातो आणि राहतो तो नुसता गोडसर, सुक्या पानासारखा. फुलं तपकिरी होणारच, त्यात बिघडलं असं काही नाही. काळी आणि लिबलिबीत झाली तर ती कुजली.

साठवणीसाठी एप्रिल अखेरपर्यंतचीच फुलं धरा, असं मी म्हणेन. मे उजाडला की कोकणातली हवा इतकी दमट होते की सावलीत कडं पुरतं सुकतच नाही. मेमधली फुलं देवाला, केसांत, अर्काला वापरून टाका. जमवलेल्या फुलांना पावसाआधी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात कडक उन्हाच्या दिवशी, पातळ पंचाखाली तासभर ऊन दाखवा. मग पूर्ण गार होऊ द्या आणि त्यानंतरच काचेच्या बरणीत भरा. गरम फुलं भरली की झाकणाला आतून घाम येतो आणि सगळी मेहनत वाया. बरणी गळ्यापर्यंत भरा, रिकामी जागा ठेवू नका. एक मोठी बरणी करण्यापेक्षा लहान चार करा. पावसाळ्यात एक उघडली तरी बाकीच्या तीन बंद राहतात.

सुक्या फुलांना बारीक भुंगेरेही लागतात. भरायच्या आधी हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरला ठेवली तर अंडी-अळ्या मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर फुलांवर दव धरेल.

माळेबद्दल. बकुळीचं फूल गळतं तेव्हा निदलपुंज (फुलाच्या बुडाचा पेला) झाडावरच राहतो आणि पाकळ्या-केसर मिळून सगळं कडं सुटून येतं. त्यामुळे मधोमध आयतं भोक असतं आणि सुईशिवायही ओवता येतं. केळीच्या सोपाचा धागा ताज्या गजऱ्याला छान. टिकाऊ माळेला जाड सुती दोरा घ्या. वीतभर माळेला साठ-सत्तर फुलं लागतील, गच्च ओवली तर जास्त. ओवायची ताजीच, सुकलेलं कडं ओवताना फुटतं. मात्र ओवल्या ओवल्या दोन्हीकडे गाठ मारू नका. फुलं आक्रसतात आणि मधे मधे दोरा दिसायला लागतो. एक टोक मोकळं ठेवून माळ टांगा, तीन दिवसांनी फुलं सरकवून गच्च करा आणि मग गाठ मारा.

साड्यांत ठेवायची तर मलमलच्या पुरचुंडीत. उघडी माळ रेशमावर ठेवली की तपकिरी डाग पडतो आणि तो जात नाही.

काढा_भरड

सालीबद्दल लिहितो, कारण झाडं मरतात ती इथेच.

खोडाला गोल फिरवून साल काढायची नाही. सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं. पूर्ण कडं काढलं की मुळं उपाशी राहतात. झाड लगेच सुकत नाही, वरून महिनोन्‌महिने हिरवंच दिसतं. म्हणून काढणाऱ्याला आपण काय केलं ते कळत नाही. देवळांच्या आवारातल्या जुन्या बकुळींची खोडं हात पोचेल तिथवर सोललेली दिसतात, ती याच हौसेपायी.

घरच्या वापराला खोडाला हात लावायची गरजच नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी फांद्या छाटता ना, त्यातल्या अंगठ्याएवढ्या ते मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्यांची साल घ्या. फांदी त्याच दिवशी सोलायची. दोन दिवस पडू दिली की साल लाकडाला घट्ट बसते. कोयत्याच्या पाठीने ठोकलं की सुटते. बकुळ चिकूच्याच कुळातली, पांढरा चीक येतो. हाताला आणि कोयत्याला आधी खोबरेल लावा.

बाहेरची करडी, खरखरीत, दगडफूल चढलेली पापुद्र्याची साल सुरीने खरवडून टाका. आतली लालसर तेवढी ठेवा. बोटभर लांबीचे तुकडे करून एक दिवस सावलीत, मग तीन-चार दिवस उन्हात. वाकवल्यावर काडीसारखी मोडली की झाली. साठवायची तुकड्यांतच. चूर्ण एकदम करून ठेवलं तर दोन-तीन महिन्यांत ओल धरतं, गुठळ्या होतात. पंधरवड्यापुरतं कुटा.

गुळण्यांचा काढा: सालीची भरड (चूर्ण नव्हे, रव्यापेक्षा जाड) १० ग्रॅम, पाणी १६० मिली. रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर उघड्या भांड्यात ४० मिली उरेपर्यंत आटवा, गाळा. कोमट असताना तोंडात धरायचा, दोन-तीन मिनिटांनी थुंकायचा. दिवसातून दोनदा. गिळायचा नाही. रोजचा रोज करायचा, शिळा काढा आंबतो.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. लोखंडी कढईत केला तर काढा शाईसारखा काळा होतो. सालीतला तुरटपणा टॅनिनचा, आणि टॅनिन लोखंडाशी जुळलं की काळा रंग होतोच. चवही धातूची लागते. 'साल खराब निघाली' म्हणून फेकून देणारे बहुतेक कढईमुळे फसलेले असतात.

मंजन: बकुळीची साल ५० ग्रॅम, बाभळीची साल ५० ग्रॅम, सैंधव १० ग्रॅम, लवंग ५ ग्रॅम. चारही वेगवेगळी कुटा, वेगवेगळी वस्त्रगाळ करा, मग एकत्र. एकत्र कुटलं की लवंगेचं तेल सालीत मुरतं आणि गोळे होतात. वस्त्रगाळ म्हणजे खरोखर कापडातून गाळलेलं. चहाच्या गाळणीतून काढलेलं चूर्ण दातावर रेतीसारखं घासतं आणि दाताचं वरचं आवरण झिजतं. मग थंड-गरम लागायला लागतं आणि दोष सालीला. बोटाने, हिरड्यांवर हलक्या हाताने लावायचं. ब्रश नको.

कच्चं फळ चावून चोथा थुंकायचा, तेही हलणाऱ्या दातांना जुनं औषध. कारण तेच, तुरट द्रव्याने हिरडी आवळली जाते. पण एवढंच. किडलेला दात त्याने भरत नाही, आणि हाड झिजल्यामुळे हलणारा दात घट्ट होत नाही. काढ्याने रक्त थांबतं, सूज उतरते, आणि माणूस गाफील राहतो. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर दंतवैद्याकडे जा. साठलेलं कीटण कुठल्याही सालीने निघत नाही.

रोज, वर्षानुवर्षं लावलं तर टॅनिनमुळे दातांवर तपकिरी झाक येते, हेही आधीच सांगून ठेवतो. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

गंधी

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

खोबरेलात कढवून वास का लागत नाही? उकळत्या तेलात फुलातलं पाणी चुर्र होऊन उडतं आणि त्याच्याबरोबर वासही उडतो. मागे राहतो तो तळणीचा. शिवाय खोबरेलाला स्वतःचा वास असतो, तो बकुळीवर बसतो. तिळाचं धुतलेलं किंवा बिनवासाचं तेल घ्या.

सुकलेली फुलं १०० ग्रॅम, तेल १ लिटर. स्टीलच्या डब्यात घालून डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. पाणी उकळू द्यायचं नाही, बोट क्षणभर बुडवता येईल इतपतच गरम. रोज दोन तास, असे तीन दिवस. चौथ्या दिवशी कापडातून पिळून काढा आणि त्याच तेलात नवीन १०० ग्रॅम फुलं घालून पुन्हा तेच. दोन फेऱ्यांत मंद वास धरतो, तिसरीत चांगला. एका फेरीत होईल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. ताजी फुलं घालू नका. त्यातलं पाणी तळाशी बसतं आणि तेल खवट करतं. गाळल्यावर दोन दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ तेल ओतून घ्या, तळाचा गाळ टाका.

जुने गंधी तेलात फुलं घालतच नसत. सोललेल्या तिळांचे आणि ताज्या फुलांचे थर लावत, फुलं मलूल झाली की चाळून काढून नवी घालत, आणि वास धरलेले तीळ घाण्यावर देत. या फुलेल तेलाला आच लागत नाही म्हणून वास खरा उतरतो. तुमच्याकडे सडा महिनाभर पुरणार असेल आणि जवळ लाकडी घाणा असेल तर हे करण्यासारखं आहे. तीळ मात्र पूर्ण कोरडे हवेत आणि फुलं रोज बदलायला हवीत, नाहीतर तिळाला आंबूस वास लागतो.

आता अर्क. बकुळीच्या वासातला मोठा वाटा फिनाइल इथाइल अल्कोहोलचा, जे गुलाबातही असतं. हे द्रव्य पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. त्यामुळे घरच्या भट्टीत पाण्यावर तरंगणारं तेल शोधत बसू नका, ते जवळजवळ दिसतच नाही. वास पाण्यातच असतो. म्हणूनच कनौजला मौलसरीचं (म्हणजे बकुळीचंच) अत्तर काढताना तांब्याच्या देगेतली (फुलं उकळायच्या हंड्यातली) वाफ बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, भपक्यात (वाफ गार होऊन साठते त्या भांड्यात) नेतात आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वास चंदन धरून ठेवतं, खाली बसलेलं पाणी काढून ते पुन्हा देगेत घालतात. घरी चंदनतेल परवडणार नाही. तेव्हा बकुळजल करा.

कुकरच्या तळाशी दीड लिटर पाणी, वर जाळी, जाळीवर पाव ते अर्धा किलो त्याच सकाळची फुलं. शिट्टी काढून त्या नळीवर सिलिकॉनची नळी बसवा, नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवून काचेच्या बाटलीत सोडा. आच मंद. पहिलं ४०० ते ५०० मिली घ्या आणि थांबा. लोभाने पुढचं घेतलं की शिजलेल्या पाल्याचा वास मिसळतो आणि पहिलंही बिघडतं. फुलं पाण्यातच सोडली तर तळाला लागून करपतात, म्हणून जाळी. आणि नळी मोकळी आहे ना हे आधी फुंकून बघा. पाकळी अडकली तर कुकरमध्ये दाब चढतो. काम चालू असताना तिथून हलू नका.

बाटली उकळत्या पाण्याने धुतलेली हवी. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं. तार सुटली, ढगाळ झालं, की ओतून द्या.

वाडीकर

वर गंधींनी लिहिलंय त्यात एक भर. औषधाच्या दुकानात 'बकुलाद्य तैल' मिळतं. ते केसांचं नाही! दात-हिरड्यांसाठी, तोंडात धरायचं तेल आहे. नाव बघून डोक्याला लावणारे खूप.

फळांबद्दल. आमच्याकडे (सिंधुदुर्ग) बकुळीला ओवळ म्हणतात. फळं खाल्लेली चालतात, पण पूर्ण पिकलेलीच: नारिंगी-पिवळी, दाबली की मऊ, देठ आपोआप सुटणारी. गर पिठूळ, गोडसर आणि शेवटी घसा धरणारा. हिरवट फळाचा चीक ओठांना चिकटतो. पाच-सहा खाऊन थांबा. फळ ग्राही आहे, पोरांनी मूठमूठ खाल्ली की दुसऱ्या दिवशी पोट साफ होत नाही. फोडून बघून खा, फळमाशीची अळी असते. बी गिळू नका, चावू तर नकाच. मुलांच्या बद्धकोष्ठावर बी उगाळून गुदमार्गाने द्यायचा उपाय जुन्या लोकांकडून सांगितला जातो, तो घरी करू नये. बियांत सॅपोनिन असतात, नाजूक अस्तराला झोंबतात.

सुरंगी आणि बकुळ यांची गफलत होते म्हणून सांगतो. दोन्ही सदाहरित, दोन्ही वासाच्या, बहरही साधारण एकाच सुमाराला सुरू. पण बकुळ फुलं स्वतःहून खाली टाकते आणि बाई-माणूस-पोर कोणीही वेचू शकतं. सुरंगीची कळी जुन्या फांदीला चिकटून, पेरापेराला गुच्छाने लागते आणि उमलायच्या आत झाडावर चढून काढावी लागते. उमललेल्या फुलावर मधमाश्या. वळेसार (गजरे) करायचे ते त्या कळ्यांचे. सुकवलेल्या सुरंगीच्या कळ्या वजनावर विकल्या जातात आणि बाजारात 'तांबडं नागकेशर' नावाने फिरतात. बकुळीच्या सुक्या फुलांना असा ठोक बाजार नाही. कोणी 'नागकेशर म्हणून घेतो' म्हणाला तर देऊ नका, ती भेसळ होईल.

परसदार

सगळ्यांचे आभार. कड्याची परीक्षा आजच केली, भरलेल्या डब्यातली निम्मी फुलं वाकतात. परत पसरली आहेत.

दोन गोष्टी राहिल्या. सुक्या फुलांची पूड डोकेदुखीवर तपकिरीसारखी ओढतात म्हणे, ती कशी करायची? आणि बियांचं?

काढा_भरड

पूड ओढायची रीत जुनीच आहे, सर्दीने डोकं जड झाल्यावर शिंका येऊन नाक मोकळं व्हावं म्हणून. पण तुमच्या फुलांना बुरशीचा इतिहास आहे. बुरशीची पूड नाकात गेली तर डोकेदुखीऐवजी दमा उठेल. यंदाची, कडं कट्कन तुटणारी फुलं असतील तरच विचार करा. वस्त्रगाळ पूड, चिमटीच्या टोकावर मावेल तेवढीच. दमा, ॲलर्जी, घोळणा फुटण्याची सवय असलेल्यांनी आणि लहान मुलांनी अजिबात नाही. फुलांची पुरचुंडी नुसती हुंगली तरी बरं वाटतं, मी तेवढंच सुचवेन.

रोपवाडी

बियांचं. जमिनीवरून बी उचलताना ते हलकं किंवा बारीक भोक पडलेलं असेल तर सोडा, आत पोखरलेलं असतं. त्यापेक्षा पिकलेली फळं घ्या, गर हाताने काढा, बी वाळूत घोळवून धुवा. गर राहिला तर मातीत बुरशी येते आणि मुंग्या बी उकरतात. चकचकीत तपकिरी, चपटं बी निघतं. एक दिवस पाण्यात भिजवा, तरंगणाऱ्या बिया टाकून द्या. एक भाग लाल माती, एक भाग वाळू, एक भाग चाळलेलं शेणखत. पिशवीत २ सेंटिमीटर खोल, बी आडवं. उगवायला तीन आठवड्यांपासून दोन-अडीच महिने. कोंब दिसत नाही म्हणून महिन्याभरात पिशव्या उकरू नका, बहुतेक बिया तिथेच मारल्या जातात. बी साठवून ठेवू नका, ताजं लावा.

सोटमूळ लवकर खाली जातं, त्यामुळे पिशवी उंच घ्या (किमान २५ सेंटिमीटर) आणि दोन-तीन महिन्यांनी जागा हलवा, नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत शिरतं आणि उचलताना तुटतं. पहिलं वर्ष अर्ध्या सावलीत. वाढ फार सावकाश. बियांच्या झाडाला बहर यायला सहा-सात वर्षं तरी धरून चाला. गुटी बांधून लवकर फुलं येतात, पण यश कमी. जूनमध्ये पेन्सिलीएवढ्या फांदीची ३ सेंटिमीटर साल गोल काढायची, चीक येऊ द्यायचा, ओल्या फडक्याने पुसत राहायचं; चीक थांबल्यावरच आयबीए पावडर (मुळं फुटायला लावतात ते संजीवक) आणि ओलं शेवाळ. चिकावरच शेवाळ बांधलं की मुळं फुटत नाहीत. दहा बांधाव्या तेव्हा दोन-तीन हाती लागतात, अशा हिशेबाने बांधा.

कायम जागी लावताना ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा, भिंतीपासून निदान ५ मीटर. आता लहान दिसलं तरी घेर मोठा होतो आणि सावली इतकी दाट की खाली दुसरं काही येत नाही.

सदाशिव_पेठ_बाल्कनी

पुण्यात आमच्या सोसायटीत बकुळ आहे, दहा-बारा वर्षांची असेल. पानं सुंदर, फुलं नाहीत. माळी दर दोन महिन्यांनी छत्रीसारखी गोल कापतो. खत कमी पडतंय का?

रोपवाडी

खत नाही, कात्री जास्त पडते आहे. फुलं पानांच्या बेचक्यात, टोकाकडच्या नव्या फुटीवर येतात. दर दोन महिन्यांनी गोल केली की कळी धरायच्या आधीच ती फूट कापली जाते. झाड पुन्हा पालवी काढतं, माळी पुन्हा कापतो. बागांमध्ये लाडू वळल्यासारख्या गोल बकुळी दिसतात, त्यांना फुलं का नसतात याचं उत्तर हेच.

छाटणी वर्षातून एकदाच, बहर संपल्यावर, जूनच्या सुरुवातीला. ऑक्टोबरनंतर कात्री लावूच नका. युरिया दिला असेल तर बंद करा. नत्र जास्त झालं की पानंच पानं. हिवाळ्यात लॉनबरोबर रोज पाणी मिळत असेल तर तेही कमी करा. इमारतीची सावली दिवसभर असेल तर मात्र इलाज नाही, बकुळ जगेल पण फुलेल थोडीच.

मोठी फांदी कापायची असेल तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. सालीसाठी शहरातल्या रस्त्यावरच्या झाडाला कोयता लावायचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्यालाही हेच उत्तर.

आणि @परसदार, शेजारी चिकू आहे का? पानं-कळ्या जाळ्याने एकत्र बांधून आत राहणारी अळी चिकूची, पण बकुळीवरही तितकीच येते. जाळी दिसली की ती डहाळी कापून जाळा; चिकू सोडून नुसती बकुळ साफ केली तर महिन्याभरात परत. दुसरी केसाळ अळी रात्री पानं खाते आणि दिवसा खोडावर सालीच्याच रंगात थवा करून बसते, जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दुपारी खोड बघा, थवा सापडला तर झाडूने साबणाच्या पाण्यात पाडा. हात लावू नका, केस टोचून अंगावर गांध्या उठतात.

परसदार

चिकू आहे, दहा फुटांवर. आणि खोडावर थवा नाही पण दोन-तीन फांद्यांच्या टोकांना जाळी आहे. फवारायचं तर काय? फुलं वेचायची आहेत म्हणून विचारतो.

रोपवाडी

मग रासायनिक काही नको. निंबोळी अर्क ५ टक्के: ५०० ग्रॅम निंबोळीची भरड कापडात बांधून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, सकाळी पुरचुंडी पिळून घ्या, २० ग्रॅम साबण विरघळवलेलं पाणी मिसळा, एकूण १० लिटर करा. संध्याकाळी फवारा, दोन्ही झाडांवर, जाळ्या आधी कापून. जाळीच्या आत औषध पोचत नाही. फवारल्यावर चार-पाच दिवसांची फुलं वासाच्या कामाला घेऊ नका, निंबोळीचा वास बकुळीला सहज मारतो. तो सडा चिकूच्या आळ्यात टाका.